घरची मोटार आणि तिच्या कमानी

मोटार विकत घेतांना आपण तिचा रंग निरखून पाहतों, बैठकीचें कापड हातानें चाचपून पाहतों, आणि एका लिटरमध्यें ती किती किलोमीटर जाईल हें विक्रेत्यास पुन्हां पुन्हां विचारतों. परंतु ज्या कमानींवर ती सारा जन्म उभी राहावयाची, त्यांच्याकडे वांकून पाहणारा मनुष्य विरळाच. अलीकडे मात्र तरुण मंडळींत या दुर्लक्षित भागाविषयीं एकाएकीं प्रेम उत्पन्न झालें आहे. कोणी गाडी जमिनीलगत बसवितो, कोणी ती उंच करवितो, कोणी तांबड्या-पिवळ्या रंगाच्या स्प्रिंगा बसवून घेतो. घरच्या गाडीचें सस्पेन्शन सुधारावें काय, आणि सुधारावयाचें तर सामान मोटार करणाऱ्या कंपनीचें घ्यावें कीं बाजारांतील दुसऱ्या कोणाचें, या प्रश्नावर आमच्या घरांतच मोठा वाद झाला. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों, म्हणून निकाल देण्याचें काम मजकडे आलें. त्यांतून जें हातीं लागलें तें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहें.

सन २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही पांचजण सामानसुमानासह कोल्हापुराहून आंबा घाटानें रत्नागिरीस निघालों होतों. गाडी लहान, वय आठ वर्षांचें, आणि चाल ऐंशी हजार किलोमीटरांच्या पुढें गेलेली. मोठा गतिरोधक आला कीं तिचें पोट घांसूं लागे. मागील बैठकीवर माझी वृद्ध आई होती. प्रत्येक आदळ्यासरशी तिचा हात पाठीकडे जाई. घाटांतील एका वळणावर रस्त्यास उंचवटा लागला, तेव्हां गाडीची मागची बाजू क्षणभर बाहेर सरकल्यासारखी झाली. त्या क्षणीं गाडींत कोणी बोललें नाहीं. रत्नागिरीस पोहोंचल्यावर आई म्हणाली, "परततांना मी आपली एस. टी. नें येईन." तें वाक्य माझ्या मनास फार लागलें.

घरीं आल्यावर तीन सल्ले मिळाले. गल्लींतील गॅरेजचे मेस्त्री म्हणाले, "गुरुजी, मागच्या स्प्रिंगांत रबराचे बफर घाला, गाडी बोटभर वर येईल." माझा पुतण्या कॉलेजांत शिकतो; तो म्हणाला, "काका, आखूड आणि ताठ स्प्रिंगा बसवूं; गाडी वळणावर चिकटून चालेल आणि दिसेलही झोकदार." तिसरा सल्ला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. तो आज मोटारींच्या कारखान्यांत काम करतो. तो एवढेंच म्हणाला, "सर, कांहीं नवीन घालण्यापूर्वीं जें आहे तें जिवंत आहे काय, हें आधीं पाहा."

मित्रहो, या तीन सल्ल्यांची पारख करण्यास फार मोठें शास्त्र लागत नाहीं. बैलगाडीला कमान नसते, टांग्याला असते. दोहोंत बसलेल्या मनुष्यास तेवढ्यानेंच कमानीचा उपयोग कळतो. इंग्लंडांत ओबादाया इलियट यानें घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार कमानींचें पेटंट सन १८०४ मध्यें घेतलें. कमानीचा नियम त्याच्याही पूर्वीं, सन १६७८ मध्यें, रॉबर्ट हूक यानें प्रसिद्ध केला होता: भार जितका वाढेल त्या प्रमाणांत कमान दबेल. मोटारीच्या भारानें स्प्रिंग १६ सेंटिमीटर दबत असेल, तर गाडी मिनिटाला सुमारें ७५ वेळां खालवर झुलेल. हा झोका शरीरास सोसतो. तीच स्प्रिंग इतकी ताठ केली कीं ती ४ सेंटिमीटरच दबेल, तर झोके दुप्पट, म्हणजे मिनिटाला १५० होतात. हें गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. झोके जसजसे जलद होत जातात तसतसे ते शरीरास अधिक जाचतात. सेकंदाला चार ते आठ धक्के तर बसलेल्या माणसास सर्वांत अधिक त्रासदायक होतात.

परंतु स्प्रिंग एकटी असेल तर गाडी झुलतच राहील. तो झोका मोडण्यासाठीं तिच्या जोडीला शॉक ॲब्सॉर्बर असतो. गॅरेजांत त्यास 'शॉकअप' म्हणतात. त्याच्या नळकांड्यांत तेल असतें व त्यांतून एक दट्ट्या खालवर होतो. लहानशा झडपांतून तेलास मोठ्या कष्टानें वाट काढावी लागते, आणि धक्क्याची शक्ति उष्णता होऊन निघून जाते. हा शॉक ॲब्सॉर्बर निकामी झाला कीं चाक खड्ड्यावरून उड्या मारूं लागतें. जें चाक जमिनीवर नाहीं, तें ब्रेक लावूनही गाडी थांबवूं शकत नाहीं, आणि वळणावर तिला धरूनही ठेवूं शकत नाहीं. म्हणून हा विषय केवळ सुखाचा नसून जीविताचा आहे.

आतां पुतण्याच्या स्प्रिंगांचा विचार करूं. ताठ स्प्रिंग शर्यतीच्या गाडीस योग्य असेल; तिचा रस्ता गुळगुळीत असतो आणि तींत आजी बसत नाहीं. ज्याला जुन्याच शॉक ॲब्सॉर्बरवर ताठ स्प्रिंग बसवावयाची आहे, त्यानें हेंही ध्यानांत घ्यावें कीं, दबलेली ताठ स्प्रिंग ज्या जोरानें उसळते तो जोर जुन्या शॉक ॲब्सॉर्बरला आवरत नाहीं. याहून वाईट प्रकार म्हणजे मूळ स्प्रिंगच कापणें. सहा वेढ्यांतील एक वेढा कापला कीं स्प्रिंग सुमारें वीस टक्के ताठ होते; शिवाय कापलेलें टोंक आपल्या बैठकींत नीट बसत नाहीं, आणि चाक खालीं लोंबलें असतां स्प्रिंग जागा सोडण्याचा संभव असतो. मेस्त्रींचे बफर स्वस्त खरे, परंतु तेही वेढ्यांमधील एक फट बंद करून स्प्रिंग ताठच करतात, आणि शेजारच्या वेढ्यांवर जास्त ताण टाकतात.

ताठ म्हणजे उत्तम आणि मऊ म्हणजे कमी प्रतीचें, हा समज तरुणांनीं सोडावा. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीनें सन १९४८ मध्यें '२ सीव्ही' नांवाची साधी गाडी लोकांपुढें मांडली. ती आखतांना अशी अट होती कीं, नांगरलेल्या शेतांतून अंड्यांची टोपली नेली असतां एकही अंडें फुटूं नये. आमच्या रस्त्यांचा विचार करतां शर्यतीच्या चाकोरीपेक्षां हें नांगरलेलें शेतच आम्हांस अधिक जवळचें आहे!

मग सामान कोणाचें घ्यावें? माझें मत असें कीं, घरच्या गाडीस पहिला मान मूळ कंपनीच्या सामानास द्यावा. कारण गाडीचें वजन, टायर, ब्रेक व स्टिअरिंग यांचा मेळ घालून तें ठरविलेलें असतें. परंतु बाहेरचें सर्वच सामान त्याज्य, असें म्हणणें अन्यायाचें होईल. मोटार करणारी कंपनी पुष्कळदां शॉक ॲब्सॉर्बर स्वतः बनवीत नाहीं. सन १९६१ मध्यें स्थापन झालेली आपल्या महाराष्ट्रांतील गॅब्रिएल इंडिया ही कंपनी मोटार-कारखान्यांनाही माल पुरविते, आणि स्वतःच्या नांवानें बाजारांतही विकते. जर्मनीची बिल्स्टाइन, नेदरलंड्सची कोनी अशा कंपन्या विशिष्ट गाडीकरितां विशिष्ट माल तयार करतात. तेव्हां प्रश्न पेटीवरील नांवाचा नाहीं. हा भाग आपल्याच गाडीच्या आपल्याच मॉडेलसाठीं केलेला आहे काय? विकणारा पक्की पावती व लेखी हमी देतो काय? उजवा व डावा असे दोन्ही एकदम बदलून, नंतर चाकांचें अलाइनमेंट करून देण्यास तो तयार आहे काय? या तिन्हींचें उत्तर 'होय' असेल तर माल बाहेरचा असला तरी घ्यावा. एकाचें जरी 'नाहीं' असेल तर कितीही स्वस्त असला तरी घेऊं नये.

पालकांनीं कायद्याकडेही लक्ष द्यावें. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशील कंपनीनें मूळ ठरविलेल्याहून वेगळा होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा अर्थ असाच केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें नियमबाह्य बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. झिजलेल्या भागाच्या जागीं तशाच प्रकारचा नवा भाग बसविणें ही दुरुस्ती होय. गाडीचें रूपच पालटणें ही निराळी गोष्ट आहे.

आमच्या गाडीचें पुढें काय झालें? तिचा मागील कोपरा हातानें दाबून सोडला, तर ती एकदां वर येऊन स्थिर व्हावयास हवी होती. ती तीन-चार वेळां मान डोलवीत राहिली. दोन्ही मागील शॉक ॲब्सॉर्बरमधून तेल गळत होतें. स्प्रिंगा मात्र मापानें ठीक भरल्या. मीं कंपनीचेच दोन शॉक ॲब्सॉर्बर त्यांच्या रबरी ठोकळ्यांसह बसवून घेतले, आणि दाराच्या चौकटीवरील चिठ्ठींत पूर्ण भारासाठीं सांगितलेली हवा टायरांत भरली. पांच माणसें बसलीं म्हणजे मोठ्या गतिरोधकावर अजूनही जपून जावें लागतें, हें कबूल करतों. लहान गाडी ती लहानच. परंतु ती आतां डोलत नाहीं, वळणावर सरकत नाहीं, आणि पुतण्याही तिच्या चालीस नांवें ठेवीत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांपैकीं पुष्कळजण उद्यां मोटारी चालवाल, कांहीं त्या घडवालही. सुधारणा म्हणजे नवी वस्तु जोडणें नव्हे. जें आहे तें कशासाठीं आहे हें आधीं जाणून घेणें, ही सुधारणेची पहिली पायरी होय. गाडी रस्त्यावरून जातांना लोक वळून पाहतात कीं नाहीं, हें गौण आहे. मागील बैठकीवरील मनुष्य सुखरूप उतरला कीं नाहीं, हें पाहावें. यंदाच्या दिवाळींत रत्नागिरीस जाण्याची गोष्ट निघाली, तेव्हां आईनें एस. टी. चें नांव काढलें नाहीं. माझ्या निकालास याहून मोठी पावती मला नको आहे.