बंद पेटीचा सौदा

अमेरिकेत फुटबॉलपटूंच्या कार्डांचा एखादा महागडा संच येणार अशी जाहिरात निघाली की माल दुकानात पोचण्याआधीच त्याचे सौदे सुरू होतात. हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो अमेरिकी खेळ आहे. जुन्या पोरखेळाच्या चित्रांचा हा धंदा आता लाखो डॉलर्सचा झाला आहे, म्हणून व्यापारी बंधूंनी त्याची रीत समजून घ्यावी.

इटलीतील मोदेना शहरात १९६१ साली निघालेल्या पानिनी कंपनीने या खेळात 'नॅशनल ट्रेझर्स' आणि 'फ्लॉलेस' असे उंची संच काढले. 'फ्लॉलेस' धातूच्या छोट्या सुटकेसमध्ये येतो. आत दहाच्या आसपास कार्डे, काहींत चक्क हिरा बसवलेला. बाकी कार्डांवर खेळाडूची सही, जर्सीचा तुकडा आणि पंचवीसपैकी सातवे, दहापैकी तिसरे असा क्रमांक. काही कार्डांची तर जगात एकच प्रत. कागद, शाई आणि चिंधीएवढे कापड यांना खर्च किती येतो, हे कारागिराला सांगायला नको. किंमत आहे ती 'यापेक्षा जास्त छापणार नाही' या शब्दाची.

हा शब्द पाळला नाही तर काय होते, तेही याच धंद्याने पाहिले आहे. टॉप्स कंपनीची १९५२ सालची बेसबॉलची कार्डे विकली गेली नाहीत. गोदामात जागा अडवून बसलेला तो माल पुढे १९६० साली कंपनीच्या साय बर्जर यांनी बोटीवर लादून समुद्रात बुडवला. त्याच मालिकेतील मिकी मॅंटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलर्सना लिलावात गेले. याउलट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मागणी वाढलेली पाहून कंपन्यांनी बेसुमार छपाई केली. लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून खोकीच्या खोकी जपून ठेवली. आज त्यातील बहुतेक माल रद्दीच्या भावातच जातो.

नव्या संचाची वाट पाहणाऱ्याची खरी नजर असते नवख्या खेळाडूंवर. पॅट्रिक माहोम्स २०१७ साली आला आणि त्या पहिल्या हंगामात फक्त एक सामना खेळला. त्याच वर्षीच्या 'नॅशनल ट्रेझर्स'मधील त्याच्या सहीचे एकमेव कार्ड २०२१ साली ४३ लाख डॉलर्सना विकले गेले. ही गोष्ट प्रत्येक विक्रेता सांगतो. जमार्कस रसेलची गोष्ट कोणी सांगत नाही. २००७ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा नंबर पहिला होता. तीन हंगामांत त्याचा खेळ संपला.

आता मुख्य मुद्दा. पेटी विकत घेणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसते. सही वेळेवर मिळाली नसेल तर कार्डाऐवजी 'नंतर पाठवू' अशी चिठ्ठी निघते. जर्सीचा तुकडा म्हणावा, तर कित्येक कार्डांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे कापड कोणत्याही विशिष्ट सामन्याशी संबंधित नाही! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'गरर'चा, म्हणजे ज्यात माल अनिश्चित आहे अशा विक्रीचा, व्यवहार मना केला. कापड उलगडून न पाहता नुसता हात लावला की सौदा पक्का, ही जुनी अरबी पद्धतही त्यांनी बंद केली. शेकडो डॉलर्सची न उघडलेली पेटी यापासून फार दूर आहे असे मला वाटत नाही.

कोणी म्हणेल, पेटीत दहा कार्डे तर नक्की मिळतात ना! मिळतात. पण 'ब्रेक' नावाच्या प्रकारात तेवढेही नाही. विक्रेता एका पेटीतले हिस्से संघवार विकतो आणि कॅमेऱ्यासमोर पेटी फोडतो. आपण पैसे भरलेल्या संघाचे कार्ड निघाले तर आपले. नाही निघाले तर हात हलवत घरी. याला मी व्यापार म्हणणार नाही, हा उघड जुगार आहे. आणि यात तरुण मुले मोबाइलवरून पैसे भरतात.

कार्डाचा व्यापारच वाईट असे मात्र नव्हे. पेट्या फुटू लागल्या की सुटी कार्डे बाजारात येतात आणि पहिल्या घाईतले भाव बहुधा उतरतात. तेव्हा कोणाचे कार्ड, कितवी प्रत, सही थेट कार्डावर की वेगळ्या पट्टीवर करून चिकटवलेली, कोपरे शाबूत आहेत की नाहीत, हे सारे डोळ्यांनी पाहून भाव करता येतो. हा सौदा सरळ आहे. परदेशात ज्यांचे भाऊबंद दुकान चालवतात, त्यांनी आगाऊ पैसे भरण्यापूर्वी आणखी एक पाहावे: २०२१ साली फॅनॅटिक्स कंपनीने खेळाडूंच्या संघटनांशी करार केले, २०२२ साली टॉप्स विकत घेतली, आणि २०२३ साली पानिनीने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला. छापण्याचा हक्कच एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना, जुन्या संचाचे नाव घेऊन कोणी नव्या पेटीचा भाव सांगत असेल, तर ती कोणत्या कंपनीची आणि कोणत्या सालच्या परवान्याची हे आधी विचारावे.