न्यायाधीश निवडणारी बंद खोली

तलाठी नेमावयाचा तरी जाहिरात निघते, परीक्षा होते, यादी लागते. पण ज्या कोर्टाच्या एका निकालानें आमच्या जमिनीचा व आमच्या पोरांच्या राखीव जागांचा फैसला होतो, त्या दिल्लीच्या सुप्रीम कोर्टांत न्यायाधीश नेमतांना जाहिरात नाहीं कीं अर्ज नाहीं. सरन्यायाधीश व चार ज्येष्ठ न्यायाधीश बंद खोलींत नांवें ठरवितात. यासच कॉलेजियम म्हणतात.

२०१४ सालीं सरकारनें निराळें मंडळ नेमण्याचा कायदा केला. कोर्टानें २०१५ सालीं तो चार विरुद्ध एक मतानें रद्द केला. ते एक न्यायमूर्ति चेलमेश्वर. बैठकींतील मतांची नोंद होत नाहीं म्हणून २०१६ सालीं त्यांनीं बैठकीस जाणेंच सोडलें. घरचाच माणूस असें म्हणतो, तेथें आमच्या शंकेस दोष कोण देणार?

कोर्ट १९५० सालीं उघडलें. पहिले दलित न्यायाधीश वरदराजन तेथें पोंचले १९८० सालीं, पहिली स्त्री फातिमा बीवी १९८९ सालीं. तोंवर लायक कोणी नव्हतेंच काय?

खोलीची किल्ली सरकारच्या हातीं द्या, असें आम्ही म्हणत नाहीं. धनी बदलल्यानें दार उघडत नाहीं. २०१७ पासून ठराव प्रसिद्ध होऊं लागले, पण आंतील चर्चा झांकलेलीच आहे. कोणाचें नांव घेतलें, कोणाचें गाळलें व कां, हें लेखी जाहीर झालें पाहिजे. दुसऱ्यांस कारणें मागणाऱ्यांनीं स्वतःचींही द्यावीं.