विश्लेषण : लग्नाचा आहेर करमुक्त, मग उपचारासाठीची मदत का नाही?

बेटेगाव, बोईसर परिसरातील अनेक घरे तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या पगारावर चालतात. मोठे आजारपण आले की मुंबईचे रुग्णालय गाठावे लागते आणि भाऊबंद, मित्र, सहकारी मदतीला धावतात. या पैशांवर प्राप्तिकर लागू शकतो, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.

कोणाची मदत करमुक्त?

पती-पत्नी, आई-वडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, भाऊ-बहीण, काका, आत्या, मामा, मावशी, सासू-सासरे, दीर-नणंद, मेहुणा-मेहुणी आणि या सर्वांचे जोडीदार यांनी दिलेली रक्कम कितीही असली तरी ती घेणाऱ्यासाठी करमुक्त आहे.

मेख कुठे आहे?

नाते पैसे घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते. काकाने पुतण्याला दोन लाख रुपये दिले तर कर नाही. पुतण्याने काकाला दिले तर ती रक्कम करपात्र, कारण काकाच्या यादीत पुतण्या बसत नाही. चुलत, मामे भावंडे, मित्र, सहकारीही यादीबाहेर. या सर्वांकडून आर्थिक वर्षात एकूण ५० हजारांहून अधिक मिळाले, तर केवळ वरची नव्हे, संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. कारखान्यातील ३० सहकाऱ्यांनी प्रत्येकी दोन हजार काढले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असेल तर प्रत्यक्ष कर भरावा लागत नाही, एवढाच दिलासा.

काय काळजी घ्यावी?

वडील हयात असतील तर पुतण्याऐवजी त्यांनीच भावाला मदत करणे सोयीचे. परतफेडीच्या बोलीवर घेतलेली उसनवारी भेट ठरत नाही. मात्र २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने उसनी घेता येत नाही. दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारण्यासही मनाई आहे, मग देणारा सख्खा भाऊ का असेना. दंड तेवढ्याच रकमेचा. म्हणून व्यवहार बँकेतून करावा, मदतीचे साधे पत्र आणि रुग्णालयाची बिले जपून ठेवावीत.

देणाऱ्याला सवलत मिळते का?

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. ६० वर्षांवरील आई-वडिलांचा आरोग्य विमा हप्ता, किंवा विमा नसल्यास उपचारखर्च, मुलाला किंवा मुलीला ५० हजारांपर्यंत वजावट मिळवून देतो. पैसे रोखीने दिलेले नसावेत. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे अशा ठरावीक आजारांत अवलंबून असलेल्या भावंडांसाठीही ४० हजार, रुग्ण ज्येष्ठ असल्यास एक लाखापर्यंत वजावट आहे.

बदल का हवा?

वधू-वरांना लग्नानिमित्त कोणीही, कितीही दिले तरी ते करमुक्त असते. आजारपणाला ही मुभा नाही. ती देणे अशक्य नाही, हे सरकारनेच दाखवले आहे : कोविडच्या उपचारासाठी कोणाकडूनही मिळालेली आणि त्यावरच खर्च झालेली रक्कम २०२२ च्या वित्त कायद्याने करमुक्त केली. कर्करोगाच्या किंवा डायलिसिसवरील रुग्णाची गरज त्याहून कमी नाही. बिले तपासून तीच सवलत प्रत्येक गंभीर आजाराला द्यायला हवी आणि काकासाठी धावणारा पुतण्याही कायद्याने नातेवाईक मानायला हवा.