शहरी कंपोस्टची प्रत स्वयंपाकघरात ठरते

शेतकरी शहरी कंपोस्ट उचलत नाहीत, अशी तक्रार नगरपालिका वारंवार करतात. हा नकार अज्ञानातून आलेला नाही. ज्याच्या वाफ्यात खताबरोबर काचेचे तुकडे आणि प्लास्टिकच्या चिंध्या आल्या, त्याने दुसरी गोणी का घ्यावी?

खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅमपेक्षा आणि कॅडमियम 5 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. काच व प्लास्टिक चाळणीने बऱ्याच अंशी निघते. फुटलेल्या बॅटरीतून भाजीच्या देठांत मुरलेला धातू मात्र कोणतीही चाळणी अडवीत नाही, आणि एकदा जमिनीत गेला की तो तेथेच साठत राहतो. म्हणून ओला कचरा इतर कचऱ्यात मिसळण्यापूर्वी, घरातच वेगळा व्हावयास हवा. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे बंधनकारक केले. त्याच वर्षी केंद्राने शहरी कंपोस्टसाठी टनामागे 1,500 रुपयांचे विपणन साहाय्यही जाहीर केले. परंतु साहाय्याने किंमत उतरते, प्रत सुधारत नाही.

हे अशक्य नाही. ज्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली, तेथेच 2022 पासून घरोघरी वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्यावर दिवसाला 550 टन क्षमतेचा जैववायू प्रकल्प उभा आहे. त्यातून खतही मिळते.

विस्तार कार्यकर्त्यांनी खताची शिफारस करण्यापूर्वी त्या खेपेचा जड धातूंचा तपासणी अहवाल मागावा आणि कचरा कोठे वेगळा झाला, हे विचारावे. मिश्र कचऱ्याचे खत फुकट मिळाले तरी नाकारावे.