बाणांची चित्रे आणि पेशीतले नियम

'हा पदार्थ अमुक एन्झाइमला अडवतो, मग तमुक बनत नाही, मग आजार होत नाही.' अशी बाणांची चित्रे तुम्ही मोबाइलवर पाहिली असतील. पावडरीच्या डब्यांवरही असतात. रुग्णांची सर्वात जास्त दिशाभूल हीच चित्रे करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशीतले काम अटींवर चालते आणि सरळ बाणात अट दिसत नाही.

ईजीएफआर या रिसेप्टरचे उदाहरण घ्या. वाढीचा संदेश घेऊन ईजीएफ हे प्रथिन बाहेरून चिकटले की असे दोन रिसेप्टर जोडीने येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. फॉस्फेट असलेल्या जागीच आतली पुढची प्रथिने चिकटतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या याच्या एका संगणकीय मॉडेलमध्ये प्रथिने होती पाचच, पण त्यांच्या जोडण्यांतून ३५६ प्रकारचे रेणू आणि ३,७४९ अभिक्रिया तयार झाल्या! हाताने चित्र काढायला भिंतही पुरणार नाही.

म्हणून संशोधक फक्त नियम लिहितात: 'या जागी फॉस्फेट असेल तरच ते प्रथिन चिकटेल.' बायोनेटजेन हे सॉफ्टवेअर त्यातून सगळे जाळे उभे करते. रूलबेंडर ते नियम चित्रात दाखवते: रेणूची चौकट, तिच्यात चिकटण्याच्या जागा, जोडणीची रेघ. ओळींमध्ये लपलेली चूक चित्रात लगेच दिसते. (ईसीजीचे नुसते आकडे छापून दिले तर मलाही काही कळणार नाही.)

तुमचा याच्याशी संबंध काय? फुफ्फुसाच्या काही कर्करोगांत ईजीएफआरला अडवणारी गेफिटिनिब ही गोळी देतात. सुरुवातीला छान गुण येतो, पुढे गाठ पुन्हा वाढू लागते. मग नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, गोळी बनावट होती का हो?" बऱ्याचदा रिसेप्टरमध्येच टी७९०एम नावाचा बदल झालेला असतो. औषध तेच, पण ते लागू पडण्याची अट बदललेली. अशा वेळी ओसिमर्टिनिब हे दुसरे औषध उपयोगी पडते.

पण ही मॉडेल्स म्हणजे पुरावा नव्हे. नियम माणसेच लिहितात. एखादा राहून गेला तर चित्र देखणे आणि उत्तर चुकीचे, असेही होते. 'संगणकाने सिद्ध झालेले' असे सांगून कोणी काही विकत असेल तर त्याला विचारा, किती माणसांवर तपासले? आणि असले चित्र पाहून चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नका. ते चित्र घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा.