वंगण संपलं!

आपल्याकडे पन्नाशी उलटलेल्या माणसाचा गुडघा कुरकुरू लागला, की डॉक्टरकडे जाण्याआधीच घरात निदान होऊन जाते. "वंगण संपलं!" कोणी जरा अधिक जाणकार असला तर म्हणतो, "गादी झिजली." आणि ज्याने एक्स-रे काढून आणलेला असतो तो गंभीर चेहऱ्याने "गॅप कमी झाली" असे सांगतो. पहिला शब्द सायकलच्या दुकानातला, दुसरा पिंजाऱ्याकडचा आणि तिसरा मोटारीच्या गॅरेजमधला. एका गुडघ्याला तीन कारखाने!

या सदरात मी एरवी शब्दांच्याच गावी भटकते. मराठीच्या बाईंनी हाडांच्या कारभारात नाक कशाला खुपसावे, असे कोणी विचारील. पण नाकाचा पुढचा भाग ज्या पदार्थाचा बनला आहे त्याचाच हा विषय असल्यामुळे नाक खुपसायला मला तरी हरकत दिसत नाही.

त्या पदार्थाचे नाव कूर्चा. शाळेतली मुले तिला 'कास्थी' म्हणतात. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार मानले, त्यांत नाक, कान अशा ठिकाणच्या मऊ हाडांना त्याने 'तरुण' म्हटले. तिन्ही नावांत मला हेच आवडते. कारण आईच्या पोटात आपला बहुतेक सांगाडा आधी कूर्चेचाच तयार होतो आणि मग हळूहळू तिच्या जागी हाड येते. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी तिची एक चकती शिल्लक असते. दर जूनला गणवेशाची पँट आखूड होते ती या चकतीच्याच कर्तबगारीने. पुढे तिचेही हाड होते आणि उंची थांबते.

कूर्चेच्या जाती तीन. हा अंक हातात असतानाच दुसऱ्या हाताने कान दुमडून सोडून पाहा. तो जागच्या जागी परत येतो, कारण त्यातली कूर्चा लवचीक तंतूंची आहे. दुसरी जात चिवट, दोरखंडासारख्या तंतूंची. मणक्यांमधल्या चकत्यांची कड तिची असते. दिवसभराच्या भाराने त्या चकत्यांतले पाणी थोडे पिळून निघते, म्हणून आपण संध्याकाळी सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर बुटके असतो. (वधूवरांच्या उंच्या सकाळी मोजाव्यात, हे जाता जाता.) तिसरी काचेसारखी गुळगुळीत, निळसर पांढरी. फासळ्यांची पुढची टोके, श्वासनळीची कडी आणि सांध्यांतल्या हाडांची टोके यांवर तिचेच राज्य. मटण खाणाऱ्या घरांत नळीच्या टोकाशी जी चकचकीत टोपी दिसते ती हीच.

गुडघ्यातली ही टोपी जेमतेम दोनचार मिलिमीटर जाडीची असते. चिवट धाग्यांचे एक जाळे, त्या जाळ्यात अडकलेला पाण्याचा लोभी असा एक पदार्थ, आणि त्याने धरून ठेवलेले भरपूर पाणी. वजनाचा तीनचतुर्थांश भाग पाणीच म्हणा ना. पेशी फारच थोड्या. प्रत्येक आपापल्या कोनाड्यात, शेजाऱ्याशी बोलणे नाही. या साऱ्या वस्तीत एकही रक्तवाहिनी नाही आणि एकही मज्जातंतू नाही. मज्जातंतू नाही म्हणून ती स्वतः दुखत नाही. दुखू लागते तेव्हा भोवतालचे अस्तर आणि खालचे हाड ओरडत असते. आणि एक्स-रेमध्ये ती मुळी दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, म्हणजेच तुमची ती 'गॅप'.

रक्त नाही, तर या पेशी खातात काय? येथे खरी मौज आहे. कानाच्या कूर्चेवर निदान एक पातळ आवरण असते आणि त्यातल्या रक्तवाहिन्यांतून तिला पाझर मिळतो. तरीसुद्धा पाळीला टोचलेले भोक काही आठवड्यांत बरे होते, तर बुगडीचे, म्हणजे कूर्चेतून गेलेले, महिनोन्महिने रेंगाळते. पाळीत कूर्चा नसते हे त्याचे कारण. गुडघ्यातल्या कूर्चेला तर ते आवरणही नाही. सांध्यातल्या चिकट द्रवातून जे झिरपेल तेच तिचे अन्न. भांडी घासायचा स्पंज जसा दाबला की पाणी सोडतो आणि सैल केला की शोषतो, तसे पाऊल पडले की तिच्यातला द्रव बाहेर जातो, पाऊल उचलले की आत येतो. झिरपणे सतत चालू असते. पण चालण्याने त्याला वेग येतो. सांधा फार काळ नुसता पडून राहिला तर कूर्चा पातळ होत जाते.

आता आपल्या शब्दांकडे पाहा. 'झिजणे' म्हटले की डोळ्यांपुढे वहाण येते, सहाण येते. झिजणारी वस्तू जपून वापरावी, हा शहाण्या संसाराचा नियम. आमच्या माईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तो तंतोतंत पाळला. वय 78. गणपतीनंतर त्यांनी जिना उतरणे सोडले, मग देवळात जाणे, मग भाजी आणणे. "आहे तेवढी गादी पुरवून वापरते गं," असे म्हणत त्या खिडकीशी बसून राहू लागल्या. दोन महिन्यांत मांड्या सुकल्या आणि गुडघा अधिकच दुखू लागला. मांडीचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा हमाल. तो रजेवर गेला की सगळे ओझे सांध्यावर. आणि वंगण? दुखरा गुडघा पुष्कळदा सुजतो तो आत द्रव वाढल्यामुळे. संपलेले वंगण सुजेल कसे?

त्यातच त्यांच्या भाच्याने एक बाटली आणून दिली. वर लिहिले होते, 'कूर्चा पुन्हा वाढवते'. माईंनी मला जवळ बोलावून विचारले, "तू शिकलेली आहेस. खरं सांग, घेऊ का?"

त्या प्रश्नापायी मी हे सारे वाचले. लंडनमधल्या विल्यम हंटर या शल्यवैद्याने 1743 साली सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला, त्यात ती एकदा नष्ट झाली की भरून येत नाही असे नमूद केले आहे. तेव्हापासून वैद्यक तिच्याशी झगडते आहे. हाडाला बारीक भोके पाडून रक्त वर आणले तर खड्डा भरतो खरा, पण चिवट जातीच्या कूर्चेने. काचेची जागा दोरखंड घेतो आणि तो तितका टिकत नाही. 1994 साली स्वीडनमधल्या डॉक्टरांनी 23 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाच्याच गुडघ्यातल्या थोड्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि खड्ड्यात परत ठेवायच्या. ही युक्ती आता आपल्या देशातही करतात. पण ती तरुण गुडघ्यातल्या एखाद्या नेमक्या खड्ड्यासाठी, सगळाच पृष्ठभाग गेलेल्या गुडघ्यासाठी नव्हे. बाटलीचे म्हणाल, तर असल्या बाटल्यांत बहुधा ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन असते. अमेरिकेत 1583 लोकांवर त्यांची परीक्षा झाली. 2006 साली निकाल आला: वेदनेच्या बाबतीत, एकंदरीत पाहता, खोट्या गोळीपेक्षा ठळक सरस नाही.

डॉक्टरांनीही औषध थोडे आणि काम पुष्कळ दिले. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, सपाट जागी चालणे, वजन उतरवणे. एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे सुमारे चार किलो उतरतात, हा हिशेब माईंना फार पटला. शस्त्रक्रियेने सांधा बदलण्याची वेळ आली तर तीही करू, पण आज नव्हे, असे ठरले.

मला स्वतःला चटका लावून गेली ती दुसरीच गोष्ट. 1950 नंतरच्या अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेतला एक प्रकारचा कार्बन वाढत गेला, 1963 च्या सुमारास तो कळसाला पोचला आणि मग उतरला. अन्नातून तो आपल्या शरीरात आला. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2016 साली गुडघ्यांतल्या कूर्चेत तो मोजला, तेव्हा दिसले की तिच्या धाग्यांचे जाळे वाढीच्या वयात एकदाच विणले जाते. पुढे जन्मभर तेच. जाळ्यातला तो पाण्याचा लोभी पदार्थ तेवढा पेशी बदलत राहतात.

हे मी माईंना सांगितले. त्यांचे बालपण आणि शाळा अहमदनगरची. जरा वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हा अजून नगरलाच आहे म्हण की!"

बाटली भाचा परत घेऊन गेला. यंदाच्या चकल्या माईंनीच पाडल्या, जमिनीवर मांडी घालून नव्हे, खुर्चीवर बसून. संध्याकाळी त्या गच्चीवर दहा फेऱ्या घालतात. अकरावीला दुखते, म्हणून दहाच.