जन्मसालाची खोटी नोंद



ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, यूट्यूब अशा ठिकाणी स्वतःचे खाते ठेवायला बंदी आहे. आमच्या स्वाध्यायाच्या गटात हा विषय निघाला, तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या, "आपल्याकडेही हवा असा कायदा!" मीही मान हलवली. मग एक गोष्ट आठवली आणि गप्प बसले.

दोन वर्षांपूर्वी नात अकरा वर्षांची होती. खाते उघडायला तेरा पूर्ण लागतात. "आजी, वर्ष बदल ना, सगळ्यांच्या घरी करतात," म्हणून गळ्यात पडली. मी तिचे जन्मसाल तीन वर्षे मागे टाकले. सुनेला सांगितलेही नाही. पुढे कुणा अनोळखी माणसाचे घाणेरडे मेसेज येऊ लागले. पोर आठवडाभर नीट जेवली नाही, पण कारण सांगेना. शेवटी आईजवळ रडली. सांगितले तर आजीला बोलणी बसतील, म्हणून गप्प होती!

मी बी.कॉम. झालेली. एक नोंद खोटी असली की सगळा ताळेबंद खोटा, हे मला कळायला हवे होते. सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटी लिखापढी, येते हे तर दर दशलक्षण पर्वात ऐकते.

कायदा मला हवाच आहे. ऑस्ट्रेलियात दंड मुलांना नाही, आईवडिलांनाही नाही. तो कंपन्यांना आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. जो कमावतो त्याने जबाबदारी घ्यावी, हे मला पटते. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण संमती देणारे हात आपलेच ना?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली कायद्याची वाट पाहिली नाही. संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. नियम लहानांना तसाच मोठ्यांनाही.

मी क्षमावाणीची वाट न पाहता सुनेची आणि नातीची क्षमा मागितली. खाते बंद केले. नात अजून थोडी रुसलेली आहे, पण सांगते सगळे.

कायदा येईल तेव्हा येईल. तुम्ही आज घरातल्या मुलांच्या खात्यांवरची जन्मसाले तेवढी तपासा.